खुर्ची सुटते, उंबरठा सुटत नाही

आमच्या कट्ट्यावर हल्ली नोकरीचे नाव कोणी काढीत नाही. जो तो ‘स्टार्टअप’ काढावयास निघाला आहे. एकाला घरगुती डबे पोचविणारे ॲप काढायचे आहे, दुसरीला जुन्या पुस्तकांचा बाजार मोबाईलवर भरवायचा आहे. भांडवल कोठून आणावे, नाव काय ठेवावे, यावर चहाचे कप रिते होतात. मात्र काढलेली कंपनी पुढे दुसऱ्याच्या हाती द्यायची कशी, यावर एकालाही बोलताना मी ऐकलेले नाही. बारशाच्या दिवशी असले बोलू नये, असे कोणी म्हणेल. मला हा प्रश्न बारशालाच विचारण्याजोगा वाटतो. आणि तसे वाटण्यास पुण्यातच जन्मलेली एक कंपनी कारण आहे.

इन्फोसिस १९८१ साली पुण्यात सुरू झाली. सात इंजिनिअर, आणि सुधा मूर्तींनी आपल्या साठवणीतून काढून दिलेले १०,००० रुपये. दोन वर्षांत बिऱ्हाड बंगळूरला हलले. पुढचा उत्कर्ष सर्वांना ठाऊक आहे. त्याची आरती मी येथे ओवाळीत नाही. मला सांगायची आहे ती गोष्ट खुर्चीची. नारायण मूर्ती २००२ साली मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याच्या पदावरून उतरले. त्यांच्यामागून नंदन नीलेकणी आले, २००७ साली गोपालकृष्णन, २०११ साली शिबुलाल. त्याच वर्षी वयाची ६५ वर्षे पूर्ण होताच मूर्तींनी अध्यक्षपदही सोडले. केवढे कौतुक झाले! ते अस्थानी नव्हते. एकदा मिळालेली खुर्ची शेवटच्या श्वासापर्यंत धरून बसायचे, हा आपल्याकडील कित्येक संस्थांचा शिरस्ता; त्यात हे खरोखरच वेगळे होते. पण जरा बारकाईने पाहा. हे चौघेही त्या सातांपैकीच. थोरल्याने धाकट्याकडे कारभार सोपवावा आणि आपण ओसरीवर बसावे, तसे हे झाले. किल्ल्यांचा जुडगा घराबाहेर गेलाच नव्हता.

तो गेला २०१४ साली. मध्यंतरी कंपनीची वाढ मंदावली म्हणून जून २०१३ मध्ये मूर्तींना परत बोलाविण्यात आले होते. वर्षभराने ते पुन्हा बाजूला झाले आणि विशाल सिक्का हे संस्थापकांच्या बाहेरचे पहिले गृहस्थ त्या पदावर बसले. येथून खरी परीक्षा सुरू झाली. पुढे सिक्कांचा पगार, एका जाणाऱ्या अधिकाऱ्याला दिलेली मोठी रक्कम, ‘पनाया’ नावाच्या कंपनीची खरेदी, यांवरून मूर्तींनी जाहीरपणे प्रश्न उपस्थित केले. पत्रे निघाली, वर्तमानपत्रांत छापून आली. ऑगस्ट २०१७ मध्ये, सततच्या या व्यत्ययांना कंटाळून, सिक्कांनी राजीनामा दिला. संचालक मंडळाने त्याचे खापर उघडपणे मूर्तींवर फोडले. आणि परत कोण आले? नीलेकणी! त्यांच्या मंडळाने ऑक्टोबरमध्ये सांगितले, की पनायाच्या व्यवहारात गैर काही आढळत नाही.

मूर्तींचे प्रश्न चुकीचे होते, असे मला मुळीच म्हणायचे नाही. सार्वजनिक कंपनीत वरिष्ठांना किती पैसा द्यावा, हे कोणीही विचारावे. परंतु ‘कोणीही’ आणि ‘मूर्ती’ यांत फरक आहे, आणि सगळी मेख तेथेच आहे. त्या सुमारास संस्थापक आणि त्यांचे कुटुंबीय यांच्याकडे मिळून सुमारे १३ टक्के शेअर होते. त्या जोरावर ते कोणालाही काढू शकले नसते. त्यांच्याकडे होता तो दबदबा. हजारो कर्मचारी ज्यांच्याकडे देव्हाऱ्याकडे पाहावे तसे पाहतात, त्यांनी नुसती भुवई उंचावली तरी नव्या माणसाचा शब्द हलका होतो. घरोघरी हेच चालते. किल्ल्या सुनेच्या हाती येतात, पण मिसळणाच्या डब्याचे झाकण उघडून पाहणे सासूबाईंना काही सुटत नाही. आणि मोलकरीण विचारायचे ते त्यांनाच विचारते. (आमच्या नाट्यमंडळाचे एक माजी चिटणीस पदवी घेऊन तीन वर्षे झाली तरी तालमीला येऊन बसतात. बोलत काहीच नाहीत. पण दिग्दर्शक प्रत्येक प्रवेशानंतर त्यांच्या तोंडाकडे पाहतो!)

अमेरिकेत ही भानगड कागदावरच मिटविलेली दिसते. गूगलच्या लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी डिसेंबर २०१९ मध्ये पदे सोडली व सुंदर पिचाई प्रमुख झाले. परंतु त्या दोघांच्या खास शेअरना प्रत्येकी दहा मते असल्याने निम्म्याहून अधिक मते त्यांच्याच हाती राहिली. याला बाजूला होणे म्हणावे काय? माझ्या मते निम्मेच. तरी त्यात एक प्रामाणिकपणा आहे. अंतिम शब्द कोणाचा, हे पिचाईंनाही ठाऊक आणि शेअर घेणाऱ्यालाही ठाऊक. इन्फोसिसमध्ये तो शब्द कोणाचा, हे तीन वर्षे कोणालाच नीट कळले नाही.

संस्थापक परतला म्हणून बिघडलेच, असेही नाही. ॲपलमधून १९८५ साली बाहेर पडावे लागलेले स्टीव्ह जॉब्स १९९७ साली परतले आणि त्यांनी बुडत्या कंपनीला वर काढले. मात्र ते आले ते कारभाराचे ओझे खांद्यावर घ्यावयास. बाहेर राहून त्यांनी सूत्रे हलविली नाहीत. मला अधिक मोलाचे वाटते ते त्यांचे जाणे. ऑगस्ट २०११ मध्ये मृत्यू समोर दिसत असता त्यांनी टिम कूक यांच्याकडे कंपनी सोपविली. कूक यांनी पुढे अनेकदा सांगितले आहे, की ‘मी असतो तर काय केले असते’ हे कधीही विचारू नकोस, असे जॉब्सनी त्यांना बजावले होते. वॉल्ट डिस्नेच्या मागे त्याच्या कंपनीतली माणसे हाच प्रश्न विचारीत खोळंबून बसली, हे जॉब्सनी पाहिले होते. तापट, हट्टी, सगळे आपल्याच मनासारखे हवे असलेल्या माणसाने हे सांगावे, याचे मला आश्चर्य वाटते. खुर्ची देणे त्या मानाने सोपे. आपल्या मर्जीचे भय दुसऱ्याच्या मनातून काढून घेणे कठीण. ते काढून घेतल्याशिवाय दिलेली खुर्ची म्हणजे, माझ्या मते, भाड्याची खुर्ची. ज्याला आत राहून बोलायचे आहे त्याने संचालक मंडळात बसावे, निर्णयावर सही करावी, अपयशही पदरात घ्यावे. ज्याला ते नको असेल त्याने पत्रे लिहिण्याचा मोह आवरावा. २०१४ साली अध्यक्षपद सोडले याचा आपल्याला पश्चात्ताप होतो, असे मूर्तींनी २०१७ साली सांगितले. त्यांची व्यथा खोटी नसावी. आपल्या हाताने वाढविलेले दुसऱ्याच्या हाती वेगळे होताना पाहणे कोणाला सोपे आहे?

नीलेकणी परतल्यावर जानेवारी २०१८ मध्ये सलील पारेख हे पुन्हा बाहेरचेच गृहस्थ मुख्य कार्यकारी अधिकारी झाले, आणि या खेपेस पत्रांची लढाई झाली नाही. पण वर अध्यक्ष कोण? सातांपैकीच एक. नीलेकणींनी स्वतः डिसेंबर २०२२ मध्ये, कंपनीच्या चाळिशीच्या समारंभात सांगून टाकले, की आता संस्थापकांपैकी बोलाविण्याजोगे कोणी उरले नाही. आपल्यामागून अध्यक्ष येईल तो बाहेरचाच. त्या अध्यक्षाच्या पहिल्या वादग्रस्त निर्णयाच्या दिवशी पत्रकार प्रथम कोणाच्या दारी जातात, हे मला पाहायचे आहे.