ऑटो असावा, पण थांबणारा

सोयाबीन निघालं, हरभरा आणि गहू पेरून झाला की मंगरूळपीर तालुक्यातल्या आसेगावच्या शिवारात सगळा हिशेब लाइनवर येऊन ठेपतो. लाइन पाळीने मिळते, कधी दिवसाची, कधी रात्रीची. आणि आली तरी टिकेल याचा भरवसा नाही. ट्रिप झाली की स्टार्टर पडतो. मग पुन्हा बटण दाबायला अंधारात, सापाची आणि रानडुकरांची धास्ती घेऊन विहिरीवर जायचं. म्हणून स्टार्टरच्या पेटीत ऑटो बसतो; लाइन आली की तो मोटर आपोआप लावतो.

महावितरण वर्षानुवर्षं आवाहन करतं आहे: ऑटो स्विच काढा, कॅपॅसिटर लावा. कॅपॅसिटर लावलाच पाहिजे, त्यात दुमत नाही. पण ज्याला रात्री दोन वाजता ओल्या बांधावरून चालायचं आहे, त्याला ऑटो काढ म्हणणं मला पटत नाही. ऑटो राहू द्या आणि त्याचं सर्किट सुधारा, हे माझं मत आहे. आणि ते काम आपल्यासारख्या बोर्डावर सोल्डर करणाऱ्यांचं आहे.

समजा ६३ केव्हीएच्या एका डीपीवर, म्हणजे शिवारातल्या ट्रान्सफॉर्मरवर, पाच एचपीच्या दहा मोटरी आहेत. चालू असताना एक मोटर साधारण आठ अँपिअर घेते, म्हणजे दहा मिळून ऐंशी. डीपीची क्षमता चौऱ्याऐंशीच्या आसपास. काठावर का होईना, भागतं. पण उभी मोटर उचलताना सहापट करंट ओढते. लाइन आल्या क्षणी दहाही ऑटो एकदम लागले की डीपीवर पाचशेच्या घरात अँपिअरची मागणी येते. व्होल्टेज दबतं. मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात पडतो, म्हणजे व्होल्टेज सत्तर टक्क्यांवर आलं की जोर निम्म्यावर. मोटर वेग घेत नाही, म्हणून करंट उतरत नाही, आणि करंट उतरत नाही म्हणून व्होल्टेज वर येत नाही. फ्यूज उडाला तर नशीब. नाही तर डीपी जळते आणि ऐन पाण्याच्या पाळीत अख्खं शिवार दुसऱ्या डीपीची वाट बघत बसतं.

यावर पहिलं सुचतं ते टायमर. लाइन आल्यावर दोन मिनिटं थांबून मोटर लावायची. अशा पेट्या बाजारात मिळतातही. पण दहाही पेट्या दोनच मिनिटं थांबल्या तर तोच गोंधळ दोन मिनिटांनी होतो. प्रत्येकीची वेळ निराळी हवी, आणि ती कुणाच्या हाताने ठरायला नको. शेतकऱ्याने पोटेन्शिओमीटर फिरवायचा म्हटलं तर जो तो शून्यावर ठेवणार. पाणी आधी आपल्याला मिळावं असं कुणाला वाटत नाही?

मग मायक्रोकंट्रोलर घेऊन रँडम डिले लिहिला जातो, आणि इथेच चांगली चांगली मुलं फसतात. कोडमधलं रँडम फंक्शन खरं रँडम नसतं. सीड दिलं नाही तर चिप चालू झाल्यावर ते दर वेळी आकड्यांची तीच रांग देतं. एकाच दुकानातून आलेल्या, एकच प्रोग्रॅम भरलेल्या दहा पेट्या लाइन आल्यावर एकाच वेळी जाग्या होतात आणि दहाही जणी, समजा, सत्त्याण्णव सेकंद थांबतात. टेबलावर एक पेटी तपासताना हे कधीच दिसत नाही. सीड प्रत्येक पेटीचं वेगळं हवं. एसटीएम३२ मध्ये प्रत्येक चिपला ९६ बिटचा स्वतंत्र क्रमांक असतो, तो घ्या. साध्या आर्डुइनोवर मोकळ्या सोडलेल्या ॲनालॉग पिनवरचा गोंगाट थोडंफार काम करतो, पण मी त्याच्यावर विसंबणार नाही; प्रोग्रॅम भरतानाच प्रत्येक पेटीच्या ईईप्रॉममध्ये वेगळा क्रमांक लिहावा.

त्याच्या पुढचं पाऊल मला जास्त आवडतं. आपली पाळी आली की रिले लावण्याआधी लाइनचं व्होल्टेज बघायचं. शेजारची मोटर उचलत असेल तर ते दबलेलं असतं. मग काही सेकंद थांबायचं आणि पुन्हा बघायचं. पेट्यांमध्ये ना वायर, ना सिम, तरी एकमेकींना वाट देता येते. फेज तपासण्यासाठी व्होल्टेज मोजण्याची सोय सर्किटमध्ये असतेच, त्यामुळे वेगळा खर्चही नाही.

फेजवरून एक गोष्ट सांगायलाच हवी. चालत्या मोटरचा एक फेज गेला तरी ती फिरत राहते आणि गेलेल्या फेजच्या वायंडिंगमध्ये स्वतःच व्होल्टेज तयार करते. नुसतं व्होल्टेज बघणाऱ्या सर्किटला तिन्ही फेज जागेवर दिसू शकतात; इकडे उरलेल्या दोन तारांतला करंट पावणेदोन पटीच्या घरात जातो आणि मोटर रिवायंडिंगला जाते. म्हणून तिन्ही तारांवर करंट मोजणारी एकेक छोटी सीटी (करंट ट्रान्सफॉर्मर) घाला. तिथे काटकसर नको.

पुण्याचे इंजिनिअर संतोष ओस्तवाल यांनी ‘नॅनो गणेश’ करून मोबाइलवरून मोटर चालू-बंद करायची सोय दिली आणि २००९ साली नोकियाच्या स्पर्धेत तिला पारितोषिक मिळालं. त्यांनी एका शेतकऱ्याची पायपीट वाचवली. आता डीपीवरच्या सगळ्यांचा मिळून विचार करायची वेळ आहे. ब्रिटनमध्ये गाड्यांच्या नव्या घरगुती चार्जरना २०२२ पासून असा रँडम डिले, दहा मिनिटांपर्यंतचा, कायद्यानेच घालावा लागतो. आपल्याकडे ऑटोवर बंदीची भाषा होते. त्यापेक्षा महावितरणने ऑटोसाठी अशी एक अट ठरवून द्यावी आणि ती पाळणाऱ्या पेटीला मान्यता द्यावी.

वाशीमच्या शासकीय तंत्रनिकेतनातल्या आणि अमरावतीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या मुलांनी यंदाच्या प्रोजेक्टला हे घ्यावं, असं मला मनापासून वाटतं. मातीचा ओलावा दाखवणारी ॲप खूप झाली. आणि चाचणी एका पेटीवर घेऊ नका. दहा पेट्या एका बोर्डावर लावा, मोटरच्या जागी बल्ब जोडा, मेन स्विच टाका आणि कोणता बल्ब कितव्या सेकंदाला लागला ते लिहून काढा. असं पंचवीस-तीस वेळा करा. एकाच सेकंदात तीन बल्ब लागले तर कोड पुन्हा उघडा.