वाढ छापून मिळत नाही

परवा शनिवारी आमच्या मजल्यावरची चौथीतली मुलगी वही घेऊन आली. "आजी, सोमवारी 'ग्रोथ माइंडसेट'वर एक पान माहिती लिहून न्यायचीय." मागोमाग तिची आई. "लिहून झालंय हो बाई, नेटवरून काढलंय. तुम्ही फक्त शुद्धलेखन बघा."

शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती. 'विकसनशील मानसिकता म्हणजे आव्हानांना संधी मानणे' असे पहिलेच वाक्य. मी मुलीला विचारले, "विकसनशील म्हणजे काय गं?" ती म्हणाली, "भारत."

हसू आले, आणि मग रागही आला. मुलीचा नाही, आपल्या सगळ्यांचा. 'चुकलो तरी प्रयत्नाने सुधारता येते' हे शिकवायला आपण मुलांना गृहपाठ देतो, आणि त्या गृहपाठात चुकायला जागाच ठेवत नाही!

ही कल्पना अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ कॅरल ड्वेक यांची. त्यांचे 'माइंडसेट' हे पुस्तक २००६ चे. पण त्याआधी, १९९८ मध्ये, त्यांनी व क्लॉडिया म्युलर यांनी पाचवीच्या मुलांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले होते. कोडी सोडवल्यावर काहींना सांगितले "तू हुशार आहेस", काहींना "तू मेहनत घेतलीस". मग मुद्दाम अवघड कोडी दिली. त्यात अपयश आल्यावर 'हुशार' मुले ढेपाळली. शिवाय आपले गुण लिहून कळवायला सांगितले, तेव्हा ते फुगवून सांगणारी मुले 'हुशार' गटातच जास्त निघाली. म्हणजे नुसत्या शाबासकीने मूल खोटे बोलायला शिकते. मग आईने उतरवलेले पान स्वतःच्या नावाने देणे, हे दुसरे काय आहे?

या कल्पनेचा फार गाजावाजा करू नये, हेही खरे. २०१९ साली 'नेचर'मध्ये अमेरिकेतल्या सुमारे बारा हजार नववीच्या मुलांची चाचणी प्रसिद्ध झाली. तासाभराहून कमी वेळाच्या दोन बैठकी एवढाच उपाय. अभ्यासात मागे असलेल्या मुलांचे गुण चारच्या मोजपट्टीवर जेमतेम ०.१ ने वाढले. फायदा आहे, पण चिमूटभर. तक्ता भिंतीला लावला की मूल बदलले, असे होत नाही. आपल्याकडे 'टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही' हे शाळेच्या भिंतीभिंतीवर होतेच की. घाव कोणी घालायचे आणि कसे, हे मात्र कुठल्याच भिंतीवर नव्हते.

मी काही धुतल्या तांदळाची नाही. चौतीस वर्षे शिकवले. एका मुलाने उसाच्या तोडीवर निबंध लिहिला होता. मी लाल शाईने चौदा चुका काढल्या आणि खाली लिहिले, 'पुन्हा लिही'. त्याने पुन्हा लिहून आणला. मला वेळ नव्हता, मी तो वाचलाच नाही. पुढे तो गाइडातले निबंध उतरवून आणू लागला. चूक एकही नसे. मी खूश होते! उसाची पाने हाताला कशी कापतात हे त्या पोराला ठाऊक होते, मला नव्हते. ते मला पुन्हा कोणी सांगितले नाही.

तर त्या दिवशी मुलीला म्हटले, आईचे पान बाजूला ठेव. वाढ म्हणजे काय ते शोधून आण. आमच्या मांजरीत द्राक्षाचे राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे, आणि आता इमारती दिसतात तिथे पूर्वी बागा असलेली माणसे अजून आहेत. खालच्या मजल्यावरचे काका त्यातलेच. ती वही घेऊन त्यांच्याकडे गेली आणि तासाभराने परत आली. रविवार संध्याकाळपर्यंत चार वेळा लिहिले. पहिल्या खेपेस तीन ओळी. मी लाल पेन काढले नाही, फक्त विचारले, "हे मला कळलं नाही, का कापतात?" ती पुन्हा खाली गेली. चौथ्या खेपेस पान भरले. एप्रिलमध्ये खरडछाटणी करतात तेव्हा बाग मेल्यासारखी दिसते. मग नव्या काड्या येतात, आणि त्यांच्या डोळ्यांतच पुढचा घड तयार होतो. ऑक्टोबरात फळछाटणी केली की तो बाहेर येतो. शेवटी तिने लिहिले होते, 'माझा भागाकार आता एप्रिलमध्ये आहे.'

सोमवारी शाळेत आईचे छापील पानच गेले. "रिस्क नको, बाई." त्यावर चांदणी मिळाली. मुलीने मला एकच विचारले, "मग माझं कोण वाचणार?"

शिक्षक म्हणतील, वर्गात इतकी मुले, तीन-तीन खर्डे कधी वाचायचे? रास्त आहे. शिक्षण हक्क कायद्यात प्राथमिकला तीस मुलांमागे एक शिक्षक असे लिहिले आहे. माझ्या वर्गात त्याहून कितीतरी जास्त असत. पण सगळे वाचावे लागत नाही. रोज पाच मुलांचा एकेक परिच्छेद वाचा. बाकीच्यांनी शेजाऱ्याला वाचून दाखवावे आणि जिथे कळले नाही तिथे एक प्रश्न विचारावा. गुण द्यायचेच असतील तर पहिल्या आणि शेवटच्या खर्ड्यात जो फरक पडला त्याला द्या. आणि घरून छापून आणलेले पान घेऊच नका. एवढे केले तर 'ग्रोथ माइंडसेट' हा शब्दही फळ्यावर लिहायची गरज नाही.

आणि आयांनो, बाबांनो, चौथीतल्या मुलाला चुकू दिले तर कसली आलीय 'रिस्क'? चौथीत चुकायचे नाही तर मग कधी?

ते पान मी ठेवून घेतले आहे. त्यात 'छाटणी'चा 'छा' तिने उलटा काढला आहे. तो मी सुधारलेला नाही. तिचा तिला दिसेल.