विहिरीची साक्ष, समुद्राची साक्ष



गेल्या उन्हाळ्यात आम्ही फुलंब्रीला भाईजानच्या शेतावर गेलो होतो. गिरजा नदीच्या थडीला असलेली जुनी विहीर आटली होती आणि यारी लावून तिची खोली वाढवण्याचे काम चालू होते. वर काळी माती, खाली चुनखडीचे खडे मिसळलेली पिवळसर माती, मग वाळू-गोटे, मुरूम आणि शेवटी कातळ. पुतणी दहावीची परीक्षा देऊन मोकळी झालेली. ती काठावर बसून थर न्याहाळत होती.

तिने विचारले, “चाचा, दादांच्या पेटीतल्या भूगोलाच्या पुस्तकात चार हिमयुगे झाली असे लिहिले आहे. आमचे सर म्हणतात, पुष्कळ झाली. दादांचे पुस्तक खोटे का?”

भाईजान लगेच म्हणाले, “हेच तर! विज्ञानवाले आज एक सांगतात, उद्या दुसरे. आणि हिला पुढे तेच शिकायचे आहे.”

प्रश्न पुस्तकाचा राहिला नाही, मुलीच्या पुढच्या शिक्षणाचा झाला. म्हणून त्या रात्री अंगणात जे बोलणे झाले, ते येथे मांडतो.

चार हिमयुगे हा हिशेब युरोपातल्या आल्प्स पर्वताचा. पेंक आणि ब्रुकनर या दोन अभ्यासकांनी १९०९ पर्यंत तेथील नद्यांकाठचे गोट्यांचे थर तपासून गुंझ, मिंडेल, रिस आणि व्युर्म असे चार हिमकाळ सांगितले. पुढची पन्नासएक वर्षे जगभर तोच धडा चालला. त्यांनी पाहिले ते खरेच होते. पण जमिनीची एक खोड आहे. नवी हिमनदी येते ती जुन्या हिमनदीच्या खुणा खरवडून नेते. पाटीवर पुसून पुन्हा लिहावे, तसे.

समुद्राचा तळ मात्र वही आहे. तेथे हजार वर्षांत जेमतेम काही सेंटिमीटर गाळ बसतो, पण बहुतेक ठिकाणी न पुसता बसतो. त्या गाळात फोरामिनिफेरा नावाच्या बारीक जीवांची कवचे असतात. समुद्राच्या पाण्यात हलका आणि जड असे दोन प्रकारचे ऑक्सिजन असतात. वाफ होताना हलका जास्त उडतो. हिमकाळात तो बर्फात अडकून पडतो, समुद्रात जडाचे प्रमाण वाढते आणि कवचांत ते नोंदले जाते. १९५५ मध्ये चेझारे एमिलियानी यांनी ही नोंद वाचायला घेतली. १९७३ मध्ये शॅकलटन आणि ऑपडाइक यांनी प्रशांत महासागरातील गाळाचा सुमारे सोळा मीटरचा नमुना तपासला. पृथ्वीचे चुंबकत्व उलटल्याची खूण त्यात बारा मीटरवर सापडली, त्यामुळे वय लावता आले. आजच्या हिशेबाने ती खूण सुमारे ७ लाख ८० हजार वर्षांपूर्वीची. तेवढ्या काळात चार नव्हे, आठ मोठे हिमकाळ होऊन गेलेले दिसले.

मग जमीन खोटी ठरली का? नाही. त्याच सुमारास जॉर्ज कुक्ला यांनी मध्य युरोपात, जेथे हिमनदी पोहोचली नव्हती आणि वाऱ्याने आणलेली धूळ थरावर थर साठली होती, तेथे मोजणी केली. तेथील चक्रे समुद्राशी जुळली.

आपल्या महाराष्ट्रात बर्फ नव्हता. पण हिमकाळाचा हात येथवर पोहोचला होता, तो पावसाच्या रूपाने. अरबी समुद्राचा गाळ सांगतो की सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी नैऋत्य मोसमी वारे दुबळे होते. समुद्र आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होता. आज जेथे मुंबई हायचे तेल निघते, तेथे तेव्हा कोरडी जमीन होती. जमिनीची साक्षही तीच. विश्वास काळे आणि शरद राजगुरू यांनी १९८७ मध्ये दाखवले की त्या काळात दख्खनच्या नद्या गाळ वाहून नेऊ शकत नव्हत्या, तो पात्रात साचत गेला. पुढे पाऊस वाढल्यावर त्याच नद्यांनी तो कापून खोल पात्रे केली.

दोन्ही साक्षी जोडणारा एक धागा तर पुणे जिल्ह्यातच आहे. जुन्नर तालुक्यात कुकडी नदीकाठी बोरी येथे ज्वालामुखीची राख सापडली. तिचे वय आधी चौदा लाख वर्षे सांगितले गेले, मग पावणेसात लाखांच्या आसपास. १९९८ मध्ये वेस्टगेट आणि सहकाऱ्यांनी राखेतील काचकणांची रासायनिक घडण तपासून ती सुमात्रातील टोबा ज्वालामुखीच्या सुमारे ७५ हजार वर्षांपूर्वीच्या उद्रेकाची असल्याचे मांडले. वाद त्यानंतरही झाला. पण टोबाची तीच राख अरबी समुद्राच्या आणि बंगालच्या उपसागराच्या तळाशीही मिळाली आहे. नदीकाठचा थर आणि समुद्रातला थर एका तारखेला बांधणारी अशी खूण क्वचितच मिळते.

आम्ही भाईजानना म्हणालो, “बांधाचा तंटा असला की तुम्ही एकाच गवाहीवर फैसला करता का? दुसऱ्याला विचारता. पहिला अर्धेच सांगून गेला म्हणून त्याला खोटा ठरवत नाही. पुस्तकांचेही तसेच. ती बदलली, कारण दुसरा साक्षीदार बोलला.”

भाईजान काही बोलले नाहीत. घराघरांत मुलांचे प्रश्न येतात तेव्हा आपणही चटकन “हे तर रोज बदलते” म्हणून मोकळे होतो. बदल कशामुळे झाला, एवढे विचारले तरी मुलांचे भले होईल.

सकाळी भाईजान पुतणीला म्हणाले, “परवा विहिरीचे बांधकाम सुरू होईल, मग थर झाकले जातील. त्याआधी टेप घे, कोणता थर किती फुटांवर, ते वहीत उतरव. आणि अकरावीच्या फॉर्मचे काय, तेही बघ.”

दादांचे पुस्तक पुतणीने पुन्हा पेटीत ठेवले आहे, आत एक चिठ्ठी घालून: “चार मोजली होती, पुढे आठ सापडली.”