घरे आखणाऱ्यांची चरित्रे

शाळेच्या ग्रंथालयात राजे, संत, क्रांतिकारक, शास्त्रज्ञ यांची चरित्रे असतात, वास्तुरचनाकारांची क्वचितच. हे खटकते, कारण मुले वाढतात ती कुणीतरी आखलेल्या भिंतींतच. बाळकृष्ण दोशी १९२७ मध्ये पुण्यात जन्मले, फर्निचर बनवणाऱ्या कुटुंबात वाढले, मुंबईच्या जे. जे. महाविद्यालयात वास्तुकला शिकले आणि २०१८ मध्ये वास्तुकलेतला मानाचा प्रित्झकर पुरस्कार मिळवणारे पहिले भारतीय ठरले. दहा वर्षांच्या मुलाला मात्र पुरस्काराआधी त्यांनी आखलेली इंदूरची ‘अरण्य’ वसाहत सांगावी. तिथे गरीब कुटुंबाला जोते आणि न्हाणी-संडास बांधून मिळाले. पुढच्या खोल्या, जिने, गच्च्या ज्याने त्याने ऐपतीप्रमाणे आणि मनाजोगत्या वाढवल्या. घर माणसाबरोबर वाढू शकते, हे मुलांना चटकन कळेल. चार्ल्स कोरियांनी बेलापूरला छोट्या चौकांभोवती घरे मांडली. नवी मुंबईतल्या शिक्षकांनी मुलांना ती दाखवायलाच हवीत. कोकणातल्या आचऱ्याचे अच्युत कानविंदे, आयआयटी कानपूरच्या संकुलाचे रचनाकार, त्यांच्याच जिल्ह्यातल्या किती मुलांना ठाऊक असतील? प्रकाशकांनी अशा चरित्रांत छायाचित्रांबरोबर सोपे नकाशेही द्यावेत आणि शिक्षण विभागाने पुढच्या ग्रंथखरेदीत त्यांना जागा ठेवावी.