चव शहराच्या आकारावर ठरत नाही



अस्सल परदेशी जेवण महानगरांतच मिळते, हे आपल्या अंकातील पत्रलेखकाचे मत गोव्यातील पेडणे तालुक्याला तरी लागू पडत नाही. परदेशी जेवणाची खाणावळ टिकते ती शहराच्या आकारावर नव्हे, तर ती चव घरून ओळखणाऱ्या गिऱ्हाइकांवर. या तालुक्यातल्या मोरजीला रशियन, हरमलला इस्रायली पाहुणे हंगामभर मुक्काम ठोकतात. म्हणून बोर्श्त किंवा शक्शुका पारखणारी जीभ तिथे समोरच बसलेली असते. पावसाळ्यापूर्वी किनाऱ्यावरचे शॅक उठतात, हा आक्षेप खरा. पण तो सातत्याचा प्रश्न आहे, अस्सलपणाचा नव्हे. तेव्हा दहा देशांचे पदार्थ मिरवणारा फलक टाळावा आणि त्या त्या देशाची माणसे जिथे रोज जेवतात, तिथे बसावे. ही कसोटी लंडनलाही चालेल.

— एक वाचक, डिचोली