राण्यांचा कळवळा

इतिहासातल्या राजस्त्रियांविषयी हळहळणाऱ्यांची एका अभ्यासू गृहस्थांनी नुकतीच झडती घेतली आहे. लेख मोठा आहे, टीपा भरपूर आहेत, आणि सूर असा की या विषयावर पुन्हा कोणी तोंड उघडू नये. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे. अनेक बायका करणे ही राजांची रीतच होती. ती लग्ने राजकारणाची होती. राण्यांना दासी, दागिने, इनाम गावे होती, तेव्हा शेतात राबणाऱ्या कुणब्याच्या बायकोपेक्षा त्या शतपटीने सुखी होत्या. त्यांच्यापैकी एकीनेही तक्रार केल्याचा कागद नाही. आणि ज्यांनी स्वतः तक्रार केली नाही त्यांच्या वतीने आज अश्रू ढाळणे म्हणजे थोर पुरुषांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याचा डाव आहे.

शेवटच्या आरोपाला उत्तर एवढेच, की शिवाजी महाराजांच्या राणी सोयराबाई यांची स्थिती समजून घेतल्याने रायगडाचा एक चिराही हलत नाही. ज्यांना तो हलेल असे वाटते त्यांचा महाराजांवरचा विश्वास कमी पडतो, माझा नाही.

सुखाचा मुद्दाही लवकर संपतो. कुणब्याची बायको दरिद्री होती, कष्टाने वाकलेली होती, हे खरे. पण नवऱ्याशी पटले नाही तर तिला काडीमोड होता, नवरा मेला तर पाट होता. मोठ्या कुळांनी हाच पाट आपल्या घरात नाही म्हणून मिरवले. राणीच्या वाड्याला आत येण्याचा दरवाजा होता, बाहेर जाण्याचा नव्हता. आणि वैभवाचे म्हणाल, तर १६८९ मध्ये रायगड पडला तेव्हा येसूबाई व बाळ शाहूंबरोबर थोरल्या महाराजांच्या राणी सकवारबाईही मोगलांच्या कैदेत गेल्या. गादी गेली की गिरदी राहत नाही.

रीतीचा मुद्दा मात्र तपासण्यासारखा आहे, कारण तो ऐकायला फार शहाणा वाटतो. त्या काळाला त्याच काळाचे माप लावा, असे आम्हाला बजावले जाते. लावू या. त्या काळी देवळादेवळांत पुराणिक ध्रुवाची कथा सांगत होते. नावडतीचा मुलगा बापाच्या मांडीवर बसायला जातो आणि आवडती राणी त्याला ढकलून देते, ही कथा ऐकून बायाबापड्या पदराने डोळे पुसत होत्या. कैकेयी कोणाला ठाऊक नव्हती? जात्यावरच्या ओव्यांतून सवतीचा जाच किती आला आहे! सवतीवर मुलगी देताना आईचे काळीज कसे होते, हे त्या काळातल्या माणसांना आमच्यापेक्षा अधिक ठाऊक होते. म्हणजे रीतही त्या काळची आणि हळहळही त्या काळचीच. आमच्या गृहस्थांनी रीत तेवढी उचलली आणि हळहळ आजची ठरवून टाकली.

शिवाय रीत म्हणजे सगळे सारखे नव्हे. २७ डिसेंबर १७६० रोजी पैठणला नानासाहेब पेशव्यांनी दुसरे लग्न केले. भाऊसाहेबांची फौज तेव्हा पानिपतावर कोंडलेली होती, अन्नान्न करत होती. नवरदेव चाळिशीचे, वधू वाखरे सावकारांची नऊ वर्षांची मुलगी राधाबाई. पुढच्या जूनच्या २३ तारखेला नानासाहेब पर्वतीवर वारले. सहा महिनेही झाले नव्हते. या लग्नाला रीतीने कोणती गरज होती? गोपिकाबाई होत्या, कर्ते मुलगे होते. रीत परवानगी देत होती, भाग पाडत नव्हती. परवानगी घेणारा माणूस होता, आणि त्याची किंमत एका पोरीने भरली.

आणि काळ बदलल्यावर काय झाले तेही पाहा. बडोदे संस्थानात द्विभार्याप्रतिबंधक कायदा झालेला असताना, १९४३ मध्ये खुद्द प्रतापसिंहराव गायकवाड महाराजांनी शांतादेवी हयात असताना सीतादेवींशी लग्न केले. कायदा प्रजेला, राजाला नाही, अशी भूमिका घेतली गेली. तेव्हाही ती ‘काळाची रीत’ होती काय?

राजकारणाची लग्ने हा मुद्दा मी मान्यच करते. फलटणचे निंबाळकर, तळबीडचे मोहिते, गायकवाड, शिर्के ही घराणी जोडायची होती आणि महाराजांनी ती जोडली. स्वराज्याला त्याचा उपयोग झाला. पण तहाला जामीन ठेवलेल्या माणसाचे हाल झाले तर आपण त्याच्यासाठी हळहळतो. जामीन ठेवलेल्या मुलीसाठी हळहळलो की भाबडे ठरतो. हे कोणते तर्कशास्त्र?

आता तक्रारीचा कागद. खरे भांडण इथे आहे, कारण या एका वाक्यावर त्यांचा सगळा लेख उभा आहे आणि नवे अभ्यासकही तेच वाक्य फिरवून फिरवून सांगू लागले आहेत. तक्रार कोणाकडे करायची होती? दाद मागायची ती राजाकडे, आणि राजा तोच. कागद कोण लिहीत होते? कारकून, वकील, बखरकार. राणी त्यांच्या कागदात येते ती लग्न झाले तेव्हा, मुलगा झाला तेव्हा, सती गेली तेव्हा किंवा कटात सापडली तेव्हा. सईबाईंचे लग्न १६४० चे, मृत्यू राजगडावर ५ सप्टेंबर १६५९ चा. संभाजीराजे तेव्हा सव्वादोन वर्षांचे. या एकोणीस वर्षांत सईबाईंना काय वाटले, हे सांगणारा कागद नाही. मग त्या सुखी होत्या हे सांगणारा कागद तरी कुठे आहे? मौनातून दुःख काढले की ती कल्पना, आणि मौनातून समाधान काढले की ते संशोधन, हा न्याय मला मान्य नाही.

बाजीराव पेशव्यांच्या पत्नी काशीबाईंचे पाहा. मस्तानीवरून १७३९-४० मध्ये पेशव्यांच्या घरात जे घडले, तिला कैदेत ठेवण्यापर्यंत गोष्ट गेली, त्याची पत्रे आहेत. ती चिमाजीअप्पांच्या, नानासाहेबांच्या वर्तुळातली पुरुषांची पत्रे. ज्या बाईच्या संसारावरून हे सारे चालले होते असे म्हणतात तिचे मन त्यात सापडत नाही. रावेरखेडीला २८ एप्रिल १७४० रोजी बाजीराव गेले तेव्हा काशीबाई तिथे जवळ होत्या. मस्तानीही त्यानंतर लवकरच गेली; पाबळला तिची कबर आहे. पुढे चासला काशीबाईंनी सोमेश्वराचे देऊळ बांधले. एका बाईला सवत होती म्हणून ती ‘बिचारी’ आणि दुसरी सवत झाली म्हणून ती ‘मोहिनी’, असे दोन साचे करून आम्ही दोघींच्या तोंडी हवी ती वाक्ये घातली. मला ही नाटकी दया नको आहे. पण तिला झिडकारताना आमचे गृहस्थ त्या दोघींनाच झिडकारतात.

आणि बोललेले चालले असते का? शाहू महाराज १५ डिसेंबर १७४९ ला वारले. त्यांच्या राणी सकवारबाई (रायगडावर कैद झालेल्या त्या वेगळ्या) पेशव्यांच्या विरोधात होत्या, वारस कोण यावर त्यांचे मत वेगळे होते. ग्रँट डफ लिहितो की आपला बेत झाकण्यासाठी त्यांनी सती जाण्याची भाषा केली होती आणि पेशव्यांच्या पक्षाने त्यांच्या भावालाच हाताशी धरून ती भाषा त्यांना खरी करायला लावली. मतभेद असणाऱ्या राणीचे काय होऊ शकत होते याचे एवढे उदाहरण पुरे.

याच ठिकाणी मला आमच्या गृहस्थांना महाराष्ट्राबाहेर, पण मराठी घरातच, न्यायचे आहे. तंजावरचे शेवटचे भोसले राजे शिवाजी १८५५ मध्ये वारले, मुलगा नव्हता. त्या आशेने म्हणा, हट्टाने म्हणा, मृत्यूच्या थोडी वर्षे आधी त्यांनी एकाच दिवशी सतरा मुलींशी लग्न लावल्याची नोंद आहे. सतरा! ते गेल्यावर कंपनीने राज्य खालसा केलेच, शिवाय खाजगी मालमत्ताही ताब्यात घेतली. राजवाड्यात उरल्या विधवा. त्यांच्यातल्या थोरल्या कामाक्षीबाईसाहेबांनी काय केले? मद्रासच्या सर्वोच्च न्यायालयात कंपनीवर दावा लावला आणि तो जिंकला. लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने १८५९ मध्ये तो निकाल फिरवला. हे राज्यसत्तेचे कृत्य आहे, त्यात न्यायालयांना पडता येत नाही, असे सांगितले. तरी १८६२ मध्ये सरकारने ती मालमत्ता विधवांना दिली. मग जिजाईअंबाबाईसाहेब आणि कामाक्षीबाईसाहेब यांच्यात, म्हणजे सवतीसवतींत, मद्रास हायकोर्टात खटला उभा राहिला. १८६८ चा त्याचा निकाल हिंदू विधवांच्या वारसाहक्काच्या चर्चेत पुढे कित्येक वर्षे वकील दाखवत राहिले. हक्क सर्व विधवांचा मिळून एकत्र, कारभाराचा मान थोरलीचा, असे ठरले.

म्हणजे ज्या दिवशी राजाखेरीज दुसरे कोणी दाद ऐकणारे उभे राहिले, त्या दिवशी राण्यांनी तक्रार केली. एकीने केली, सर्वांनी केली, कंपनीविरुद्ध केली, एकमेकींविरुद्ध केली. हा कागद नव्हे काय? छापलेला आहे, कायद्याच्या ग्रंथांत आहे. हे भांडण पैशाचे होते, सवतीपणाचे नव्हते, असे कोणी म्हणेल. अहो, सवतीपणाचे भांडण दुसरे असते तरी कशाचे? एका माणसाच्या नावावर इतक्या जणींचे अन्न, मान आणि म्हातारपण टांगून ठेवायचे, तो माणूस गेला की त्यांनी वाटा मागायचा, आणि मागितला की आम्ही म्हणायचे, पाहा, बायका कशा भांडतात.

हा वाद माझ्या वाट्याला पूर्वीही आला आहे. सोयराबाईंविषयी एका परिसंवादात बोलले तेव्हा पहिला प्रश्न आला, तुम्ही संभाजीराजांच्या विरोधात आहात का? जणू एका घरातल्या दोन माणसांचे दुःख एका वेळी समजून घेता येत नाही. कादंबऱ्यांनी आणि मालिकांनी सईबाईंना तुळशीपुढचा दिवा केले आणि सोयराबाईंना काजळी, आणि प्रेक्षकांना तोच इतिहास वाटू लागला.

सोयराबाईंची बाजू मांडणे म्हणजे त्यांचे कृत्य बरोबर ठरवणे नव्हे. महाराज ३ एप्रिल १६८० ला गेले. पन्हाळ्यावरच्या थोरल्या मुलाला डावलून २१ एप्रिलला दहा वर्षांच्या राजारामांना गादीवर बसवले. स्वराज्याच्या दृष्टीने हे घातकच होते, आणि सोयराबाईंचे भाऊ सरनौबत हंबीरराव मोहिते सख्ख्या भाच्याची बाजू सोडून संभाजीराजांकडे गेले हे त्यांनी योग्य केले. पण त्याच क्षणी ज्या माहेरासाठी सोयराबाईंना या घरात दिले होते ते माहेर त्यांच्या मागून निघून गेले, हेही वाचा की. सावत्र मुलगा राजा झाला तर आपले आणि आपल्या मुलाचे काय होईल, हा प्रश्न त्या वाड्यातल्या प्रत्येक आईपुढे होता. १६८१ मध्ये दुसरा कट उघडकीला आला आणि त्याच वर्षी सोयराबाई गेल्या. कशा गेल्या यावर इतिहासकार आजही भांडतात.

माझे मांडणे एवढेच आहे. ज्या घरात बाईचे सगळे भवितव्य मुलावर आणि मुलाचे सगळे भवितव्य आईच्या डावावर अवलंबून ठेवले, तिथे कारस्थान हा कोणा एकीचा स्वभाव नसतो, ती त्या घराची उपज असते. नाहीतर पुढच्याच पिढीत तेच का घडावे? राजारामांच्या मृत्यूनंतर १७०० पासून औरंगजेबाशी झुंजलेल्या ताराबाई कारस्थानी म्हणून जन्मल्या नव्हत्या. त्यांना आणि त्यांच्या मुलाला १७१४ मध्ये पन्हाळ्यावर कैदेत टाकून सवत राजसबाईंनी आपल्या मुलाला गादीवर बसवले. दोन पिढ्या, दोन गड, तोच प्रसंग. राण्यांकडे सहानुभूतीने पाहिले की या प्रसंगामागची व्यवस्था दिसते. ‘कारस्थानी बायका’ म्हटले की पान उलटले जाते. इतिहासाला उपयोगी कोणते, ते वाचकांनी ठरवावे.

मुंबई इलाख्यात हिंदूंच्या बहुपत्नीत्वाला १९४६ च्या कायद्याने बंदी आली, देशभर १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने. हे कायदे मागणाऱ्या बायकांनी तेव्हाही ‘आपली रीत आहे’ हेच ऐकले होते. म्हणून जे गडांवर मुले नेतात, वर्गात इतिहास शिकवतात, पानिपतावर व्याख्याने देतात, त्यांना माझी विनंती आहे. पैठणचे लग्न पेशव्यांच्या चैनीचा दाखला म्हणून सांगाल, तर ती नऊ वर्षांची मुलगी कोण होती आणि त्या जूननंतर तिचे काय झाले, हा प्रश्नही मुलांपुढे ठेवा. तिचे नाव राधाबाई होते.