होळीची भांग चालते, दुखण्यावरचं औषध नाही?



परवा स्वाध्याय संपल्यावर कुजबुज सुरू झाली. आपल्यातल्याच एका काकूंना कॅन्सरच्या दुखण्याने झोप लागत नाही, म्हणून वैद्यांनी विजयेचं औषध लिहून दिलंय. विजया म्हणजे भांगेचं झाड. “व्यसनाची वस्तू घरात आणि म्हणे श्राविका!” एकीने म्हटलं, चार माना हलल्या. त्यातल्या दोघींच्या सोसायटीत होळीला भांगेची थंडाई होते. (ग्लास मी मोजले नाहीत, पण वास ओळखते.)

बोलणं काकूंच्या कानावर गेलं. त्या रात्री त्यांनी औषध घेतलंच नाही, असं त्यांच्या लेकीने मला सांगितलं.

सप्तव्यसनांत मद्य आहे. भांग, गांजा, अफू हेही आपण त्यातच धरतो, आणि ते योग्यच आहे. पण त्याग नशेचा आहे ना? रात्रभर कण्हणाऱ्या बाईला चार तास झोप मिळाली तर तो कुठला भोग? मग चार दानांत औषधदान कशासाठी सांगितलंय?

फरक कायद्यालाही कळतो. १९८५च्या एनडीपीएस कायद्याने गांजा आणि चरस बंद केले, पण वैद्यकीय कामासाठी नियमांतून वाट ठेवली. नुसती पानं त्या कायद्यातल्या गांजाच्या व्याख्येत येतच नाहीत. भांगेचं राज्यं बघतात. आणि महाराष्ट्रात १९४९च्या दारूबंदी कायद्याप्रमाणे भांगेला परवाना लागतो. म्हणजे चोरटं काही असेल तर तुमची थंडाई, काकूंची चिठ्ठीवरची बाटली नव्हे! डिसेंबर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने गांजाला सगळ्यात कडक यादीतून काढलं, तेव्हा भारतानेही बाजूने मत दिलं. अमेरिकेत मुलांच्या दुर्धर फिट्सवर याच झाडातलं कॅनाबिडिऑल २०१८ पासून मान्यताप्राप्त औषध आहे, आणि त्याने नशा चढत नाही.

याचा अर्थ व्हॉट्सअ‍ॅपवरचं ‘कॅन्सर बरा करणारं तेल’ मागवा असा मुळीच नाही. त्याने कॅन्सर बरा होतो हे सिद्ध झालेलं नाही. चिठ्ठीशिवाय घेऊ नका, आणि घेत असाल तर कॅन्सरच्या डॉक्टरांपासून लपवू नका. दुसऱ्या गोळ्यांशी त्याचं जमेलच असं नाही.

काकूंनी ती बाटली आता कपाटात साड्यांमागे ठेवली आहे. उद्या पाचच्या सुमारास मी त्यांच्याकडे मुगाची खिचडी घेऊन जाणार आहे, सूर्यास्ताआधी जेवण व्हायला हवं म्हणून. माना हलवणाऱ्या चौघींपैकी कुणाला यायचं असेल तर खाली थांबते.